सोडून दिलेला मासा

आमच्या बैठकीच्या खोलीतील कपाटावर एक छायाचित्र उभे करून ठेवलेले आहे. त्यात मी घोटाभर पाण्यात उभा असून माझ्या दोन्ही तळव्यांवर दीड फुटाच्या आसपास लांबीचा, सोनेरी-तपकिरी अंगाचा, काळ्या-तांबड्या ठिपक्यांचा एक मासा आडवा आहे. मागे नदी, नदीमागे उघडे, पिवळसर डोंगर. मी हसतो आहे. पाचूबंदरला राहणारी माझी आत्या सणानिमित्त घरी आली असता तिने ते छायाचित्र हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले आणि मासळी विकण्यात आयुष्य घालवलेल्या बाईने जो प्रश्न विचारायला हवा तोच विचारला, "लागला कसा रे?"

मी म्हणालो, "खाल्ला नाही, आत्या. सोडून दिला."

तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा छायाचित्राकडे. "मग पकडला कशाला?"

मी हसून विषय बदलला. परंतु हसून टाळलेले प्रश्न पुष्कळदा रात्री पुन्हा दार ठोठावतात. हा प्रश्न तर मला आत्याने विचारण्याच्या आधीच, छायाचित्र काढल्यानंतरच्या पाचव्या मिनिटाला, अमेरिकेतील त्या नदीवर पडलेला होता. आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे मनात आहे.

माझा एक जुना मित्र डॉक्टर असून गेली चाळीसेक वर्षे मोंटाना राज्यातील ग्रेट फॉल्स या गावी स्थायिक आहे. मुंबईच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहत होतो. जुलै 2023 मध्ये मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने आणि त्याच्या शेजाऱ्याने माझ्यासाठी मिसुरी नदीवर एक दिवसाची सफर ठरवली होती. शेजारी निवृत्त शाळामास्तर. होडी त्याची, वल्ही त्याच्या हाती, आणि नदीविषयीचा शेवटचा शब्दही त्याचाच. होडी प्रवाहात सोडायची, प्रवाह नेईल तसे खाली जायचे, आणि जाता जाता कृत्रिम माशीच्या गळाने ट्राउट पकडायचे, असा त्या देशातील पुष्कळ लोकांचा आवडता छंद आहे.

मी कोळ्याचा मुलगा. होडी मला नवी नव्हती. तरीही ही होडी पाहून मी बुचकळ्यात पडलो. तिचे बूड सपाट, दोन्ही टोके केळीच्या सालीसारखी वर उचललेली. वल्हवणारा मधोमध बसतो, आणि आपल्याकडे वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते तशी त्याची नसते. तो जाण्याच्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्ही मारतो ती प्रवाहाच्या उलट. पुढे जाण्यासाठी त्याला काहीच करावे लागत नाही, ते काम नदी करते. त्याचे सारे कष्ट असतात ते होडीला हळू करण्यासाठी. माझ्या वडिलांनी हे पाहिले असते तर त्यांनी त्या माणसाला वेड्यात काढले असते.

होल्टर धरणाच्या पायथ्याशी सकाळी आम्ही होडी पाण्यात लोटली. हे धरण 1918 साली पूर्ण झाले. जलाशयाच्या खोलातले थंड पाणी खाली सोडले जाते, म्हणून भर उन्हाळ्यातही नदीचा हा भाग गार राहतो, आणि ट्राउटला गार पाणीच मानवते. मोंटानात नदीचे तापमान सलग तीन दिवस सुमारे तेवीस अंश सेल्सिअसवर गेले की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा निर्बंध लागू होऊ शकतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि आधीच धापा टाकणाऱ्या माशाला आणखी दमवणे म्हणजे त्याला मारणेच. हे ऐकून मला त्या राज्याचे कौतुक वाटले. सोडून देण्यासाठी पकडलेल्या माशाच्या श्वासाची एवढी काळजी! कौतुकाच्या पोटात एक विसंगती दडलेली आहे, हे मात्र तेव्हा ध्यानात आले नाही.

माशी फेकण्याची कला मी तिथे प्रथमच पाहिली. आपल्या गळाला शिसे बांधलेले असते आणि त्या वजनामुळे गळ दूर जातो. इथे माशीला वजन असे नसतेच. हरणाच्या जातीच्या एका प्राण्याचे केस, कोंबड्याच्या मानेचे पीस, दोन वेढे दोरा आणि आत लपवलेला बारीक आकडा, इतकाच तिचा संसार. वजन असते ते दोरीला. ती दोरी मागे फेकायची, ती हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मग पुढे सोडायची. हे थांबणेच नवशिक्याला जमत नाही. माशी पाण्यावर पडल्यावर दोरीने तिला ओढता कामा नये. प्रवाहात पडलेला खरा कीटक जसा वाहत जातो, तशीच ती वाहिली पाहिजे. जराशी ओढ बसली तरी ट्राउट पाठ फिरवतो. शेजारी माझ्या पाठीमागून सारखे बजावत होता, "तिला सोड. मोकळी सोड." नदीवर त्या वेळी फिकट पिवळ्या रंगाचे कीटक निघत होते. पाण्याखाली महिनोन्‌महिने काढलेला हा जीव पंख फुटल्यावर एखाद-दुसरा दिवस जगतो, आणि त्या अवस्थेत त्याला खाण्यायोग्य तोंडही नसते. त्याच्या नकलेवर आम्ही माशाला फसवू पाहत होतो.

दहाच्या सुमारास पाण्यावर एक वर्तुळ उमटले, माशी नाहीशी झाली आणि माझ्या हातातली काठी वाकली.

त्यानंतरची पाच-सहा मिनिटे मी कोण होतो हे मला सांगता येणार नाही. सत्तरी गाठलेला, गुडघे दुखणारा, आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलेला मनुष्य तो नव्हता. मासा खोल पाण्यात धावे तेव्हा चक्रातून दोरी सुटल्याचा आवाज येई आणि माझ्या छातीत काहीतरी त्याच वेगाने सुटे. दोघे मित्र ओरडत होते. शेजाऱ्याने होडी काठाला लावली, मी उतरलो, त्याने जाळी पुढे केली. मासा तपकिरी ट्राउट होता. मित्र म्हणाला, "थांब, फोटो!" त्याचा फोन कोटाच्या आतल्या खिशात होता. तो निघाला, मग उन्हाची दिशा बदलून हवी झाली, मग "वर धर, अजून थोडा वर" असे झाले. मी हसत उभा होतो. मग मी मासा पाण्यात सोडला.

तो गेला नाही. क्षणभर सरळ राहिला आणि मग हळूहळू कलंडून त्याचे पांढरे पोट वर आले.

शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. त्याने वाकून, ओल्या हातांनी माशाला शेपटीपाशी आणि पोटाखाली धरले, त्याचे तोंड प्रवाहाकडे केले आणि तसेच धरून ठेवले, आजाऱ्याला उशीला टेकवून बसवावे तसे. कल्ले उघडत होते, मिटत होते. पुष्कळ वेळाने माशाने शेपटी हलवली आणि तो त्याच्या हातातून खोल पाण्यात उतरला. जगला की मेला, कोण सांगणार? कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी मागाहून वाचला. पूर्ण थकेपर्यंत पळवलेल्या इंद्रधनुषी ट्राउटपैकी पाण्यातच ठेवलेले बारा टक्के मासे बारा तासांत मेले. तीस सेकंद हवेत धरलेले अडतीस टक्के मेले, आणि एक मिनिट धरलेले बहात्तर टक्के. प्रयोगशाळेतील परिस्थिती कठोर होती आणि नदीवर प्रत्यक्षात मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी असते, हेही खरे. परंतु माझा मासा हवेत किती वेळ होता, हे मला ठाऊक आहे. छायाचित्रे चार आहेत.

होडीत परत बसल्यावर मी विचारले, "त्यापेक्षा घरी नेऊन खाल्ला असता तर?" कायद्याने ठरावीक मर्यादेत मासा नेता येतो. शेजारी थोडा अवघडला. या नदीचा ट्राउट आपण गेल्या वीस वर्षांत खाल्लेला नाही, असे तो म्हणाला. जणू मी त्याच्या घरातल्या कुत्र्याविषयी बोललो होतो!

तेव्हा मला आईचे शब्द आठवले, आणि दुर्दैवाने मी ते बोलून दाखवले.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. ओहोटीला खाडीच्या चिखलात निवट्या पकडणे हा आम्हा पोरांचा धंदा. एकदा मी एका निवटीच्या कल्ल्यातून दोरा ओवला आणि डब्यातल्या पाण्यात तिला इकडून तिकडे ओढत बसलो. मजा अशी की सैल सोडले की ती पळे आणि ओढले की परत येई. आई बोंबील वाळत घालत होती. तिने ते पाहिले, येऊन माझ्या मुस्कटात दिली आणि म्हणाली, "मारायचं असेल तर मार आणि खा. नाहीतर सोड." ज्या बाईच्या हातून दररोज शेकडो मासे कापले जात, त्या बाईची ही नीती. तिच्या धर्मशास्त्रात दोनच वाटा होत्या, तिसरी नव्हती. आणि मिसुरी नदीवर आम्ही तिघेही नेमक्या त्या तिसऱ्या वाटेवर होतो.

मित्र काही बोलला नाही. पुढचा तासभर होडीत फक्त वल्ह्यांचा आवाज होता. शेजारी मराठी जाणत नव्हता, पण काहीतरी बिघडले हे त्याला कळले असावे. दुपारी मित्र काठावर झाडाच्या सावलीत बसला असताना शेजाऱ्याने मला हळूच सांगितले ते असे. सहा वर्षांपूर्वी मित्राची पत्नी वारली. त्यानंतर सबंध हिवाळा त्याने घराचा पडदा उघडला नाही. वसंतात या शेजाऱ्याने काही न विचारता होडी गाडीला जोडली, मित्राला हाताला धरून गाडीत बसवले आणि नदीवर आणले. पहिल्या दिवशी मित्र नुसता बसून राहिला. तिसऱ्या खेपेला त्याने काठी हातात घेतली. ज्या दिवशी त्याच्या गळाला पहिला मासा लागला, त्या दिवशी तो सहा महिन्यांत प्रथमच मोठ्याने ओरडला. "त्या माशाचं मी फार देणं लागतो," शेजारी म्हणाला.

आता सांगा, आईची नीती मी कोणाच्या तोंडावर फेकली होती? स्तनांच्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रियांना माशीच्या गळाने मासेमारी शिकवणारी 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' नावाची संस्था अमेरिकेत 1996 पासून आहे. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी असेच काम करणारी 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' 2005 पासून. नदी माणसाला बरे करते हे थोतांड नव्हे. माझा मित्र त्याची साक्ष आहे. मग प्रश्न एवढाच उरतो, की एका जिवाच्या जखमेवरचे औषध दुसऱ्या जिवाच्या ओठातून काढावे काय?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, की माशाला वेदना होतच नाहीत. लहानपणी आम्हीही हेच ऐकले. 2003 साली लिन स्नेडन आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये केलेले संशोधन प्रसिद्ध झाले, ते योगायोगाने ट्राउटवरच होते. माशाच्या चेहऱ्यावर आणि ओठांभोवती इजेची जाणीव घेणारे मज्जातंतूंचे ग्राहक त्यांना सापडले. ओठांत सौम्य आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले, जागच्या जागी डोलू लागले आणि त्यांनी बराच काळ अन्नाला तोंड लावले नाही. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. याउलट जेम्स रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने 2002 सालीच असे प्रतिपादन केले होते, की वेदनेच्या जाणिवेसाठी लागणारा मेंदूचा बाह्यस्तर माशाला नाही, त्यामुळे त्याची तडफड ही प्रतिक्षिप्त क्रिया होय, दुःख नव्हे. वाद मिटलेला नाही. मला विचाराल तर माझा कल स्नेडनकडे आहे. पण माझ्या कलाला विज्ञानात किंमत नाही.

तथापि संशयाच्या स्थितीत काय करावे, हा प्रश्न विज्ञानाचा नसून नीतीचा आहे, आणि आपल्या जुन्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांत त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण दिलेले असते. शिकाऱ्याला झुडपामागे काही हालताना दिसते. ते हरीण असेल किंवा माणूस. निश्चित कळेपर्यंत त्याने बाण सोडता कामा नये, मग प्रत्यक्षात ते हरीणच निघो. दुसऱ्याचे कधीही भरून न येणारे नुकसान होण्याचा संभव असेल, तर शंकेचा फायदा घेण्याचा अधिकार शिकाऱ्याला नाही. मासा म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही कळते. पण तत्त्व तेच राहते, तराजूतली वजने तेवढी बदलतात. आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात केवळ करमणूक असेल तर लहानसे वजनही जड ठरते. 1992 च्या कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात प्राण्यांना विनाकारण दुःख देणे हे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या आपल्या परिपत्रकात त्याची पुन्हा आठवण करून दिली. सारा वाद त्या 'विनाकारण' या शब्दापाशी येऊन अडतो.

स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्या उद्देशाने मासा पकडण्यास 2009 पासून बंदी आहे. जर्मनीत प्राणिरक्षणाचा 1972 चा कायदा रास्त कारणाशिवाय प्राण्याला वेदना देण्यास मनाई करतो, आणि मासा खाणे हे रास्त कारण, पण त्याच्याशी खेळणे नव्हे, असा त्याचा अर्थ तिथे सामान्यतः लावला जातो. माझ्या आईला जर्मन येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी मी हे सर्व, शक्य तितक्या मऊ शब्दांत, शेजाऱ्यापुढे मांडले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुझ्या वडिलांच्या जाळ्यात मासा किती वेळ असे?"

मी निरुत्तर झालो. आमच्या डोल जाळ्यात भरतीच्या ओढीने मासळी शिरते आणि पाणी फिरेपर्यंत, कित्येक तास, जाळ्याच्या निमुळत्या शेवटाशी एकमेकांवर चेंगरून पडते. तिच्यात अर्धवट वाढलेली पिल्ले असतात, नको असलेले जीव असतात. बंदरावर ओतलेल्या ढिगातली मासळी बराच वेळ तोंडे उघडमीट करीत असते आणि तिकडे आमचे लक्षही नसते. संत अंतोनीने रिमिनीला प्रवचन केले तेव्हा माशांनी पाण्याबाहेर डोकी काढून ऐकले, ही दंतकथा आम्हा मुलांना फार आवडे. जाळ्यातल्या माशांना मात्र कोणी दोन शब्द सांगितल्याचे आठवत नाही. वेदनांची बेरीजच करायची तर माझे सारे बालपण त्या बेरजेत बुडून जाईल.

"पण ती आमची भाकर होती," मी म्हणालो.

"वडिलांची होती. तुझी?"

हा घाव वर्मी बसला. मला निवृत्तिवेतन मिळते. माझ्या ताटात रविवारी येणारे पापलेट भूक भागवण्यासाठी येत नाही. डाळभाताने ती भागली असती. ते येते जिभेसाठी. मग त्याचा आनंद हातात आणि माझा आनंद जिभेवर, यात नैतिक अंतर किती? त्याचा मासा निदान शंभरातले नव्वद-पंचाण्णव वेळा जगतो. पुनरुत्थानानंतर प्रभूने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, आणि सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासे भाजून त्यांना न्याहारी दिली, तेव्हा मासा खाणे हेच पाप असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या रात्रभर राबून रिकाम्या हातांनी परतलेल्या कोळ्यांच्या न्याहारीचा दाखला माझ्या रविवारच्या पापलेटासाठी देणे मला तरी अवघड जाते.

शेजाऱ्याकडे आणखी एक मुद्दा होता आणि तो त्याने विजयाच्या आविर्भावात नव्हे, तर काहीशा दुःखाने मांडला. मिसुरीचा हा भाग आज हजारो ट्राउटनी भरलेला आहे. ते मूळचे नव्हेत. तपकिरी ट्राउटची अंडी 1883 मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली. इंद्रधनुषी ट्राउट पॅसिफिककडे वाहणाऱ्या नद्यांतून आणला गेला. (काश्मीर आणि निलगिरीतला ट्राउटही असाच, साहेबाच्या हौसेपायी आलेला.) 1805 साली लुईस आणि क्लार्क यांची मोहीम या नदीवरून गेली तेव्हा त्यांच्या माणसांनी पकडला तो इथला खरा रहिवासी कटथ्रोट. तो आता या मुख्य प्रवाहात क्वचितच सापडतो. तेव्हा हौशी लोकांनी नदीचे नुकसानही केले आहे, हे शेजाऱ्याने लपवले नाही. पण पुढे याच हौशी लोकांनी नद्यांसाठी झगडा दिला. मॅडिसन नदीवरील रिचर्ड व्हिन्सेंट यांच्या अभ्यासातून असे दिसले, की हॅचरीतले मासे ओतल्याने नदीत वाढलेले मासे उलट कमी होतात. त्यानंतर 1974 मध्ये मोंटानाने आपल्या वाहत्या नद्यांत मासे सोडणे जवळजवळ बंद केले. 1994 मध्ये त्याच मॅडिसनमध्ये ट्राउटच्या पिल्लांना गरगरायला लावणारा परजीवी रोग सापडला आणि इंद्रधनुषी ट्राउटची संख्या कोसळली, तेव्हाही नदीला ओतलेल्या माशांची मलमपट्टी केली गेली नाही. वाट पाहिली गेली. गळ आणि काठ्यांवरील विशेष कराचा पैसा 1950 च्या कायद्यानुसार मत्स्यसंवर्धनाकडे जातो. "आम्ही खेळतो म्हणून ही नदी जिवंत आहे," शेजारी म्हणाला. "तुमची खाडी कशी आहे?"

आमची खाडी कशी आहे हे मी त्याला सांगितले नाही. ज्या चिखलात मी निवट्या पकडल्या तिथे आज सांडपाण्याचा काळा थर आहे. आम्ही माशांशी कधी खेळलो नाही. आम्ही त्यांना मारले, खाल्ले, विकले, आणि आईच्या कायद्याचे एक अक्षरही न मोडता त्यांना नाहीसे होताना पाहिले. खेळणारा राखतो आणि गरजवंत संपवतो, असा हा विपरीत हिशेब आहे. अर्थात खाडी बुडवणारे हात निराळे, मोठ्या यांत्रिक बोटींचे मालक निराळे. सारा दोष आमच्या डोल जाळ्याचा नव्हे. तरीही माझी नैतिक उंची त्या टेबलावर चार बोटे कमी झाली हे कबूल केले पाहिजे.

मात्र एका ठिकाणी मी अडून राहिलो आणि अजूनही अडलेलो आहे. नीतिशास्त्रात दुहेरी परिणामाचे म्हणून एक तत्त्व सांगतात. एखाद्या कृतीतून चांगले आणि वाईट असे दोन्ही परिणाम निघत असतील, तर ती कधी कधी क्षम्य ठरते. पण वाईट परिणाम हेच चांगल्याचे साधन असता कामा नये. खाणाऱ्याचा मासा वेदनेशिवाय, झोपेत मेला असता तर खाणाऱ्याचे काहीच बिघडले नसते. उलट बरेच वाटले असते. माशाची तडफड त्याच्या जेवणात भर घालत नाही. पण काठीवाल्याचे तसे नाही. मासा धावला नाही, झगडला नाही, तर त्याच्या हाती काही उरतच नाही. माझ्या छातीत त्या सकाळी जे सुटले होते ते नेमके माशाच्या जीव वाचवण्याच्या धडपडीतून सुटले होते. तिची भीती, किंवा भीतीसारखे जे काही माशाला होत असेल ते, माझ्या आनंदाचा कच्चा माल होते. आणि नंतर सोडून देणे? त्यात दया आहेच. पण उद्या पुन्हा तेच करायला निघालेल्या माणसाची ती दया आहे. 'पुन्हा करणार नाही' या निश्चयाशिवाय केलेल्या पापनिवेदनाला आपण काय म्हणतो हे वाचकांना ठाऊक आहे. ली वुल्फ यांनी तर 1939 च्या आपल्या पुस्तकात सोडून देण्याचा जो पुरस्कार केला, त्याचे कारणच हे, की तोच मासा आणखी कोणाच्या तरी गळाला लागावा.

मी हे मित्राला सांगितले. आदल्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी जरा जपूनच बोलत होतो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला मासा झगडायला नको असतो रे. मला तो क्षण हवा असतो, पाण्यातून तो वर येतो तो. खाली कोणीतरी आहे, आणि ते माझ्याकडे आलं, एवढंच." आणि जरा थांबून, "ती गेल्यावर खाली कोणीच नव्हतं."

यावर मी काय बोलणार? तरी माझ्यातला शिक्षक मेलेला नव्हता. मी म्हटले, "मग आकडा कशाला हवा?"

असे करणारे लोक आहेत, हे त्याने मला सांगितले. माशीचा आकडा वाकणीपाशी कापून टाकतात. मासा वर येतो, माशी तोंडात घेतो, फसलो हे ओळखून थुंकतो आणि जातो. त्याने स्वतः कधी करून पाहिले नव्हते.

संध्याकाळी आम्ही तिघे क्रेग गावाच्या पुलाखाली काठावर उभे राहिलो. ऊन डोंगरामागे गेले होते, पलीकडच्या काठाने पाण्यावर वर्तुळे उमटत होती. मित्राने पकडीने माशीचा आकडा कापला. तुकडा खिशात ठेवला. दुसऱ्याच फेकीला मासा वर आला, माशी गिळली, थुंकली आणि गेला. मित्र हसला, अगदी वसतिगृहात हसे तसा. पुन्हा एक आला, आणखी एक. शेजारी मोठ्याने मोजत होता. पाचव्यानंतर तो मोजायचा थांबला. सातव्यानंतर मित्राने दोरी ओढून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि डबी उघडून काही न बोलता दुसरी, अखंड आकड्याची माशी बांधली. गाठ मारताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

मग त्याने काठी माझ्यापुढे धरली. "तू टाक," म्हणाला, "माझ्यापेक्षा तुझी नजर चांगली आहे."

वर्तुळे आता आणखी जवळ उमटत होती. मी काठी घेतली.